एकजात माळ आणि एकटा मणी



राजांच्या लढाया, किल्ल्यांचे वेढे आणि तहनामे यांवर अशा व्याख्यानमालांतून पुष्कळ ऐकावयास मिळते. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहोत ती चिमटीत मावते. ती वस्तू म्हणजे काचेचा मणी. आणि त्याविषयीचा आमचा प्रश्नही साधा आहे. गळ्यातला दागिना करावयाचा तर मणी कसे घ्यावेत? एका मापाचे, एका रंगाचे, एकमेकांशी तंतोतंत जुळणारे, म्हणजे एकजात घ्यावेत. की कारागिराने ज्योतीवर एकेक करून घडविलेले, ज्यांत एकासारखा दुसरा नाही असे सुटे घ्यावेत?

पुरुष मंडळींनी हा केवळ बायकांच्या खरेदीचा प्रश्न समजून कान बंद करू नयेत. या प्रश्नात व्यापार आहे, कारागिरी आहे, आणि मजुरीचा हिशेबही आहे.

या बाबतीत लोकांची दोन मते आढळतात. जुन्या वळणाची माणसे म्हणतात, माळ जुळलेली असावी, एकही मणी डोळ्याला खुपता कामा नये. अलीकडची शिकलेली मंडळी म्हणतात, एकजात माल यंत्राचा, त्यात जीव नाही. हातचा मणी घ्या, त्यात कला आहे. दोन्ही मतांत थोडे थोडे खरे आहे. पण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की सारखेपणा आपोआप येतो. तो तसा येत नसतो. हाताची पाचही बोटे सारखी नसतात. मग त्या हाताने केलेले शंभर मणी सारखे कोठून निघणार? सारखे मणी निवडावे लागतात. निवडणे म्हटले की उरलेले बाजूला टाकणे आले. त्या टाकलेल्या मालाचे नुकसान कोणी सोसावयाचे, हा मण्यांच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

हे मत आम्हाला पुस्तकांत सापडण्याआधी विडीच्या कारखान्याच्या दारात सापडले. आमची उमेदीची सारी वर्षे विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेत गेली. शाळेचा पाठिंबा बेताचाच. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभेत. हजार विड्या वळून बाई कारखान्यात जाते तेव्हा तपासणारा जुड्या हातात घेऊन पाहतो. जी विडी आखूड, जी सैल, जी जाड, ती बाजूला पडते. तिला 'छाट' म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ती विडी बाईला परतही मिळत नसे. पान सुकलेले दिले कारखान्याने, तंबाखू मोजून दिली कारखान्याने, पण विडी बिघडली की तो दोष बाईच्या बोटांचा! हे तंटे इतके होते की १९६६ साली विडी कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला, तेव्हा नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरच्या वादांसाठी त्यात मुद्दाम तरतूद करावी लागली. पुढे मण्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ही छाट आम्हाला तेथेही भेटली. फक्त तिची नावे निराळी होती.

आता मणी होतो कसा, ते थोडक्यात पाहू. मुख्य रीती तीन. पहिली ओढीव मण्याची. तापलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करून तो गोळा ओढतात. ओढता ओढता त्याची लांबच लांब बारीक नळी होते, आणि आतली पोकळी शेवटपर्यंत कायम राहते. ती नळी तोडून तुकडे केले की झाले मणी. दुसरी रीत गुंडाळीव मण्याची. भट्टीवर किंवा दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून ती तारेभोवती गुंडाळतात, आणि एकेक मणी घडवितात. तिसरी रीत दाबीव मण्याची. तापलेली काच चिमट्यासारख्या साच्यात धरून दाबली की मणी तयार. पहिली आणि तिसरी रीत एकजात मालाची, दुसरी सुट्या मण्याची, असे ढोबळ मानाने म्हणता येईल.

यांतली ओढीव रीत आपल्याच देशात प्राचीन काळी भरभराटीला आली. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा तेथे निघाल्या, तसे मण्यांच्या धंद्याचे अवशेषही त्या गावी सापडले. अशा ओढीव मण्यांचा प्रसार पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत झालेला दिसतो. म्हणून पीटर फ्रान्सिस या अमेरिकन अभ्यासकाने त्यांना 'इंडो-पॅसिफिक मणी' असे नाव दिले. दोन महासागरांच्या किनाऱ्यांवर पसरलेला हा माल, पण एकेक मणी मोहरीपेक्षा थोडा मोठा!

या रीतीचा जिवंत वारसा आंध्र प्रदेशातील पापानायडूपेट या गावी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकलेला होता, आणि अभ्यासकांनी तो बारकाईने नोंदवून ठेवला आहे. तेथे लोखंडाच्या लांब पोकळ दांडीवर काचेचा मोठा गोळा घेत आणि त्यातून आरपार पोकळी करीत. मग भट्टीच्या तोंडाशी बसलेला एक माणूस त्या गोळ्यातून निघणारी नळी हातांनी तासन्‌तास ओढीत बसे. ओढण्याचा वेग जरा वाढला की नळी बारीक, जरा मंदावला की जाड. म्हणजे सारखेपणा कोठे होता? त्या माणसाच्या मनगटात. पुढे नळ्यांचे तुकडे करणे, ते राखेत घोळवून पुन्हा तापविणे, म्हणजे कडा गोल होतात आणि भोक बुजत नाही, मग ते चाळणे आणि ओवणे, अशी कामांची साखळीच असे. यंत्र नावाची वस्तू या साऱ्यात कोठेही नव्हती, आणि तरीही माल एकजात निघत होता. एकजात म्हणजे यंत्राचे, हे समीकरण येथेच चुकते.

महाराष्ट्राची भूमीही या बाबतीत कोरडी नाही. तेर आणि पैठण येथल्या जुन्या वस्तीच्या थरांत काचेचे मणी मिळाले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केले. तेथे बहामनी काळच्या थरांत काचेच्या बांगड्या आणि मणी निघाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. तो मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. आणि जुन्या थरांत तरी कशाला जावयाचे? मंगळसूत्रातले काळे मणी पाहा. त्यांतल्या एका मण्याकडे कोणी कधी निरखून पाहिले आहे काय? पाहण्याजोगे त्यात वेगळे काही नसावे, हीच तर त्याची गुणवत्ता. वाटीकडे नजर नेण्याचे काम तो सारा सर मिळून करतो. मंगळसूत्र वाढले की मात्र घरभर मणी वेचताना कळते, की हे शेकडो होते आणि शेकडो सारखे होते. पटवेकरी ते पुन्हा गाठवून देतो तेव्हा आपण त्याला गाठवणावळ देतो. मणी कोणी निवडले, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही.

भारतातून गेलेल्या मण्यांची आफ्रिकेतली एक हकीगत सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो नदीच्या परिसरात मापुंगुब्वे आणि त्याच्या जवळच 'के-टू' या नावाने ओळखले जाणारे एक प्राचीन ठिकाण आहे. अकराव्या ते तेराव्या शतकात हिंदी महासागराच्या व्यापारातून तेथे बारीक एकजात मणी पोहोचत. के-टू येथल्या कारागिरांनी काय केले? ते बारीक मणी वितळवून त्यांनी साच्यात मोठे, जाडजूड मणी घडविले. संशोधकांनी काच तपासून पाहिली, तेव्हा मोठ्या मण्यांतली काच ही परदेशी बारीक मण्यांचीच, असे दिसून आले. हजारो कोसांवरून आलेला जुळलेला माल आगीत घालून त्यांनी एकटा मणी केला. त्यांच्या मनात काय होते ते आपण सांगू शकत नाही. पण एकजात की एकटा ही निवड त्या काळीही माणसे करीत होती, आणि त्यासाठी कष्ट घेत होती, एवढे त्या काचेवरून सिद्ध होते.

आता आपण युरोपात व्हेनिसला जाऊ. कारण सारखेपणाचा जगभरचा बाजार नंतरच्या काळात तेथून चालला. १२९१ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने काचेच्या भट्ट्या शहरातून काढून मुरानो बेटावर न्याव्यात असा हुकूम केला. लाकडी घरांच्या शहरात आगीचे भय होते. शिवाय कारागीर एका बेटावर राहिले की धंद्याचे गुपितही राखता येत होते. तेथे दोन्ही रीती वाढल्या. ओढीव मण्यांसाठी पोकळ काचेच्या गोळ्याला दोन बाजूंनी दोन सळया चिकटवीत, आणि दोन माणसे त्या धरून परस्परांपासून विरुद्ध दिशांना धावत. काच थंड होण्यापूर्वी लांबच लांब नळी तयार. दुसरीकडे दिव्याच्या ज्योतीवर एकेक मणी घडविणारे कारागीर होते. त्यांच्या मण्यांवर फुले, ठिपके, सोन्याचा वर्ख, असे नाना प्रकार असत.

या कारागिरांत एका स्त्रीचे नाव इतिहासाने जपले आहे. मारिएता बारोविएर ही मुरानोच्या प्रसिद्ध काचकार आंजेलो बारोविएर याची मुलगी. १४८७ साली तिला स्वतःची लहान भट्टी चालविण्याची परवानगी मिळाली. तारेसारख्या थरांचा जो 'रोझेता' मणी पुढे जगभर गेला, त्याचे श्रेय परंपरेने तिला दिले जाते. एका मणीकार स्त्रीचे नाव पाचशे वर्षे टिकले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिच्यानंतरच्या हजारो स्त्रियांची नावे का टिकली नाहीत, तेही पाहिले पाहिजे.

त्याचे उत्तर व्यापारात आहे. पंधराव्या शतकापासून युरोपची गलबते आफ्रिकेत आणि अमेरिकेत जाऊ लागली, तेव्हा मणी हा केवळ दागिना न राहता चलनासारखा वापरला जाऊ लागला. हस्तिदंत, सोने, कातडी यांच्या बदल्यात मणी देत. आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेतानाही जो माल दिला जाई त्यात मणी असत. मण्यांच्या इतिहासातला हा डाग कोणत्याही चमकीने झाकता येणार नाही. आता चलन म्हटले की सारखेपणा आलाच. एक रुपया दुसऱ्यापेक्षा लहान असून कसे चालेल? आणि घेणारी माणसे काही भोळी नव्हती. लुईस आणि क्लार्क यांची तुकडी १८०५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होती, तेव्हा तेथले मूळ रहिवासी निळे मणी मागत आणि दुसऱ्या रंगांना फारशी किंमत देत नसत. निळे मणी संपत आले तशी त्या तुकडीची पंचाईत झाली. प्रत्येक मुलखाची आवड ठरलेली: अमुक रंग, अमुक माप, आणि त्यात बदल चालत नसे.

म्हणून व्यापाऱ्यांनी नमुन्याची पत्रे तयार केली. पुठ्ठ्यावर मणी शिवावयाचे आणि प्रत्येकाला क्रमांक द्यावयाचा. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या लेविन या व्यापाऱ्याचा असा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मागणी आली की क्रमांक कळवावयाचा, आणि तंतोतंत तसाच माल आला पाहिजे. आमच्या दृष्टीने मण्यांच्या इतिहासात या पुठ्ठ्याचे महत्त्व भट्टीइतके आहे. कारण त्या दिवसापासून मणी चांगला की वाईट हे घडविणाऱ्याच्या नजरेवर ठरेनासे झाले; ते पुठ्ठ्यावरच्या नमुन्यावर ठरू लागले. ज्योतीवर एकेक मणी घडविणाराही त्यातून सुटला नाही. त्यालाही नमुन्याबरहुकूम डझनांनी माल द्यावा लागे. म्हणजे हातचा मणी असूनही तो एकजात असावा अशी मागणी आली.

आता या सारखेपणाचा भार कोणी वाहिला ते ऐका. व्हेनिसमध्ये मणी ओवणाऱ्या स्त्रियांचा एक मोठा वर्ग होता. त्यांना 'इंपिरारेस्से' म्हणत. त्या गल्लीत, दाराशी खुर्च्या टाकून बसत. मांडीवर लाकडी परातीसारखे पात्र, त्यात बारीक मण्यांचा ढीग, आणि हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांब बारीक सुया, एकेका हातात डझनांनी. सुयांचा तो पंखा ढिगात खुपसावयाचा आणि वर काढावयाचा, की मणी आपोआप सुयांवर चढत. ओवता ओवता वेडावाकडा, फुटका, बुजलेल्या भोकाचा मणी बाजूला करावयाचा. सर भरले की त्यांच्या जुड्या बांधावयाच्या. मजुरी कामावर, वेळेचा हिशेब नाही. कारखाना आणि ओवणारी यांच्या मध्ये 'मिस्त्रा' नावाची मध्यस्थ बाई असे. ती माल आणून वाटी, तयार सर गोळा करी, आणि मजुरीतला आपला वाटा काढून घेई. आमच्या विडीच्या धंद्यातल्या भगिनींना हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. त्या लगेच विचारतात, "आणि फुटक्या मण्यांचे पैसे कापीत होते काय?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे.

जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १८८० नंतरच्या एकदोन वर्षांत या ओवणाऱ्या स्त्रियांचे चित्र काढले. ते आज अमेरिकेत बफेलो येथल्या संग्रहालयात आहे. चित्रकाराचे नाव सर्वांना माहीत आहे. चित्रातल्या बायकांचे नाही. पुढे १८९८ साली व्हेनिस आणि मुरानोच्या सतरा कारखान्यांनी एकत्र येऊन एकच मोठी कंपनी उभारली. मालक एक झाले, त्यांचा भाव एक झाला. तेव्हा बायकाही एक झाल्या. १९०४ साली ओवणाऱ्या स्त्रियांनी मजुरीसाठी आणि मध्यस्थांच्या जाचाविरुद्ध संप केला. लक्षात घ्या, या स्त्रिया एका छपराखाली काम करीत नव्हत्या. त्यांना ना शिट्टी, ना गेट, ना हजेरीपट. घरोघरी विखुरलेल्या कामगारांची संघटना करणे किती अवघड असते, ते आम्हाला विचारा. दहा बायकांना एका वेळी भेटावयाचे तर दहा उंबरठे झिजवावे लागतात. तरीही त्या एकत्र आल्या. आणि मणी तयार असून माळ होईना, तेव्हा माळ म्हणजे केवळ काच नव्हे हे सर्वांना दिसले.

सारखेपणाची पुढची पायरी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया प्रांतात चढली गेली. याब्लोनेत्स या गावाभोवतीच्या डोंगराळ मुलखात दाबीव मण्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात फोफावला. काचेची कांडी तापवून साच्याच्या चिमट्यात दाबावयाची, हे काम लहान लहान झोपडीवजा कारखान्यांतून चाले. कडा घासणे, ओवणे, पुठ्ठ्यावर शिवणे हे घरोघरी, सारे कुटुंब मिळून. त्याच मुलखात १८६२ साली जन्मलेल्या डॅनिएल स्वारोव्हस्की याने १८९२ मध्ये काचेच्या खड्यांना पैलू पाडणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला, आणि १८९५ साली तो ऑस्ट्रियातील वाटेन्स येथे कारखाना काढून राहिला. हातचे पैलू आणि यंत्राचे पैलू यांची स्पर्धा सुरू झाली, आणि ती यंत्राने जिंकली यात नवल नाही. ज्याला केवळ सारखेपणाच हवा आहे त्याने यंत्राकडे जावे हे ठीकच आहे. यंत्राला छाटीचे दुःख होत नाही, आणि त्याची पोरे उपाशी राहत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथल्या जर्मन भाषिकांना देश सोडावा लागला. त्यांतल्या कित्येकांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नवे याब्लोनेत्सच वसविले, आणि हा धंदा तेथे पुन्हा उभा केला. घरदार गेले, कौशल्य बोटांत राहिले.

व्हेनिसच्या त्या मोठ्या कंपनीचे काम विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात थांबले. नंतर डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने इटली आणि फ्रान्समधील काचेच्या मण्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच वेळी चेक प्रजासत्ताकातील फुंकलेल्या मण्यांपासून नाताळची सजावट करण्याच्या हातकामालाही तो मान मिळाला. अमेरिकेत १९९३ साली मणीकारांनी आपली संस्था स्थापन केली. आज तेथला एकटा मणी घडविणारा कारागीर कलावंत मानला जातो. त्याच्या मण्याबरोबर त्याचे नाव जाते आणि नावाबरोबर किंमत वाढते. आपल्याकडे वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्योतीसमोर बसून तार फिरविणारा तेथला कारागीर कौशल्यात कोणाला हार जाणारा नाही. पण मानांकनाने नाव होते ते गावाचे. मणी ज्याच्या हातून उतरला त्याचे नाव पाकिटावर नसते.

येथवर आल्यावर आमचा मूळ प्रश्न पुन्हा हाती घेऊ. एकजात घ्यावे की एकटा? व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, म्हणजे आपली फसगत होणार नाही.

मणी उजेडासमोर धरा. काचेतल्या बारीक रेषा आणि बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट गेलेले असतील तर तो ओढीव. त्या रेषा भोकाभोवती वळसे घेत असतील तर तो गुंडाळीव, म्हणजे एकेक करून केलेला. कडेला शिवणीसारखी रेघ असेल तर तो दाबीव. मग भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. कड धारदार असेल तर मणी कितीही सुंदर असला तरी तो दोरा कापणार, आणि एक दिवस सारी माळ वाढणार. ज्योतीवरचा मणी हळूहळू निवविलेला असावा लागतो. घाईने निवविलेला मणी आज चांगला दिसतो आणि उद्या आपोआप तडकतो. हे डोळ्यांनी सहज दिसत नाही. म्हणून ज्याच्याकडून घ्यावयाचा त्याला विचारावे. जो कारागीर आहे तो सांगेल. जो केवळ विकणारा आहे तो विषय बदलेल.

दागिन्याच्या दृष्टीने पाहिले तर जेथे नजर सरकत जावी असे वाटते तेथे एकजात मणी शोभतात. बारीक पोत, अनेकपदरी सर, वाटीच्या दोन्ही बाजू. जेथे नजर थांबावी तेथे एकटा मणी. बारीक एकजात सरात मधोमध एक हातचा मणी घातला तर दोघांचीही शोभा वाढते. यात भांडण नाही.

भांडण दुसरीकडे आहे. गिऱ्हाईक हातचा मणी मागते आणि वर म्हणते, असेच अगदी सारखे चोवीस पाहिजेत, आणि भाव मात्र यंत्राच्या मालाचा. कारागीर नाही म्हणत नाही, कारण त्याला पोट आहे. तो चाळीस घडवितो आणि त्यांतले चोवीस निवडतो. उरलेल्या सोळांची काच त्याची, इंधन त्याचे, भट्टीसमोर भाजलेले तोंडही त्याचेच. आमच्या विडीवाल्या बाईने हेच केले, व्हेनिसच्या ओवणारीने हेच केले. छाट गिऱ्हाइकाच्या मागणीतून जन्मते, आणि जाते मात्र कामगाराच्या मजुरीतून. व्यापारी तेवढा मधल्यामध्ये कोरडा राहतो.

कोणी म्हणतील, अहो, पण गुणवत्तेची तपासणी नको काय? जरूर पाहिजे. फुटका मणी माळेत घाला, असे कोणताही शहाणा कामगार म्हणणार नाही. आपल्या कामाचा अभिमान मालकापेक्षा त्यालाच अधिक असतो. आमचे म्हणणे इतकेच, की दोष निराळा आणि भेद निराळा. भोक बुजले, काच तडकली, तो दोष. एका मण्याचे फूल डावीकडे झुकले आणि दुसऱ्याचे उजवीकडे, तो भेद. भेदाला दोष ठरवून मजुरी कापणे हा अन्याय आहे, मग तो कारखान्याने केलेला असो की दुकानात उभ्या असलेल्या आपण केलेला असो.

म्हणून आमचा सल्ला असा. सारखेपणा हवा असेल तर सारखेपणासाठीच केलेला माल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्या सारखेपणामागे चाळणारे, निवडणारे, ओवणारे हात आहेत हे ध्यानात ठेवून भाव करा. हातचा मणी हवा असेल तर त्याच्या वेगळेपणासकट घ्या, आणि करणाऱ्याचे नाव विचारा. आणि दोन्ही हवे असेल, म्हणजे हातचे आणि तेही जुळलेले, तर खुशाल मागा. पण मग निवडलेल्या चोवीसांबरोबर बाजूला पडलेल्या सोळांचेही दाम द्या. ते सोळाही घरी न्या. मुलींना खेळावयास द्या, किंवा त्यांचीच एक माळ करा. तिच्यात एकही मणी दुसऱ्यासारखा नसेल, पण कोणाची मजुरीही तिच्यात अडकलेली नसेल.

लग्नसराईचे दिवस आहेत. पुष्कळ घरी या महिन्यात पोत गाठविली जाईल. पटवेकऱ्याच्या किंवा सराफाच्या दुकानी बसाल तेव्हा एवढेच विचारा, की हे मणी कोठून आले आणि निवडले कोणी. उत्तर नाही मिळाले तरी प्रश्न त्याच्या कानी राहील. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो पुढच्या खेपेला वरच्या व्यापाऱ्याला विचारील. संघटनेची सुरुवात आम्ही अशाच प्रश्नांनी होताना पाहिली आहे.